मद्रासच्या नाताळात गाळलेलं वाक्य

मद्रासहून परत आल्यापासून मंडळीतल्या बायका भेटल्या की विचारतात, "शांताबाई, समुद्र कसा होता?" समुद्र चांगला होता. मोठा होता, खारट होता आणि मास्तरांची एक चप्पल घेऊन गेला. एवढं ऐकून झालं की बायका आपापल्या कामाला लागतात. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून लिहून काढते आहे. माझं नाव शांता ज्याने ठेवलं त्याला माझा स्वभाव ठाऊक नव्हता, तेव्हा हे शांतपणे लिहिलेलं असेल अशी आशा कुणी धरू नये.

मास्तर म्हणजे आमचे हे. नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत शिकवतात आणि ख्रिस्ती कीर्तन करतात. फेटा, उपरणं, चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतसर, फक्त आख्यान येशूचं. मी झांजा वाजवते आणि मागे सूर धरते. आमच्याकडे यात नवल काही नाही, पण मद्रासच्या एका मंडळीला ते नवल वाटलं आणि त्यांनी नाताळच्या दिवसांत सेवेसाठी आम्हा दोघांना बोलावलं. आजवर आमच्याकडे मिशनरी यायचे ते बोटीतून, गोरे. आता आपल्या मंडळीतून मिशनरी निघाले म्हणून स्टेशनावर आम्हाला हार घातले, एका म्हातारबुवांनी तर "परदेशात जपून राहा" म्हणून डोक्यावर हात ठेवला. मास्तर हसले. पण जिथे पाटी वाचता येत नाही, बोललेलं कळत नाही आणि भाकरी मिळत नाही त्याला मी तरी परदेशच म्हणते.

त्या मंडळीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, असं त्या एकाच देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) चालतं, आणि मोकळे होतील.

मांबलम

नाताळ म्हणजे थंडी, हे आमचं गणित. मी दोघांचे लोकरी स्वेटर नेले होते. मद्रासला उतरलो तेव्हा घामाने माझी चोळी अंगाला चिकटली होती आणि आम्हाला घ्यायला आलेले गृहस्थ मलमलीच्या सदऱ्यात वारा घेत उभे होते. हे मंडळीचे सेक्रेटरी, देवसहायम. उंच, नीटनेटके, सरकारी कचेरीत मोठे अधिकारी. इंग्रजी अशी बोलायचे की मास्तर आपलं इंग्रजी खिशात घालून नुसतं "येस, येस" म्हणू लागले. त्यांच्या घरी माडीवरची खोली आम्हाला दिली. केळीच्या पानावर जेवण, दारात कागदाची चांदणी, आत दिवा. बाई हसऱ्या. मी मनात म्हटलं, देवा, तुझी मंडळी सगळीकडे सारखीच.

कीर्तन मराठीत आणि मंडळी तमिळ, तेव्हा दुभाषा हवा. देवसहायमांच्याच कचेरीत एक कारकून होते, वेंकोबराव. मूळचे तंजावूरकडचे, हिंदू, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे वेस्ट मांबलमला गेलो. मार्गळी, म्हणजे त्यांचा मार्गशीर्ष, चालू होता. दारोदारी कोलम, म्हणजे आपली रांगोळी, आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. मी एका कोलमवर पाय देता देता वाचले आणि मास्तर वाचले नाहीत.

वेंकोबरावांचं मराठी ऐकून मला आमच्या जुन्या छापील शुभवर्तमानाची पानं आठवली. "या कीं, बसा. काफी घेतां ना?" सूर मात्र सगळा तमिळ. काफी पितळेच्या पेल्यात आली, खाली वाटी. पेला ओठांना लावायचा नाही, वरून धार घशात सोडायची. मास्तरांची धार आधी मिशीत गेली, मग कॉलरमध्ये.

"सगळेच असे पितात का हो?" मी विचारलं.

"सगळेच. पाहुणा असो, घरचा असो."

सगळ्यांना सारखं असेल तर माझी तक्रार नाही. मीही प्यायले आणि एक थेंब सांडला नाही.

मग वेंकोबरावांच्या बायकोने मला जवळ बसवून मायेने विचारलं, "तुमचं ऊर कोठें?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पहिल्याच भेटीत, परक्या पुरुषांसमोर, बाईमाणसाला असं विचारायचं? मी पदर ओढून घेतला आणि म्हटलं, "जिथे देवाने सगळ्यांचा ठेवलाय तिथेच आहे!"

ती बिचारी नवऱ्याकडे बघू लागली. वेंकोबराव आधी गोंधळले, मग हसून हसून खांबाला टेकले. ऊर म्हणजे तमिळमध्ये गाव. ती माझं गाव विचारत होती. मग मीही हसले, आणि त्या एका शब्दावर आमची गट्टी जमली. निघताना तिने मला कुंकवाऐवजी फूल दिलं, विचार करून दिलं. वेंकोबरावांनी मास्तरांकडून आख्यान समजून घेतलं. कीर्तन त्यांच्या घराण्यात होतं, त्यांना पूर्वरंग समजवावा लागला नाही. येशू जन्मला तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती, गावाने बाहेर ठेवलं, ते ऐकताना माणूस मान हलवत होता. आणि मग मास्तरांचं ते वाक्य, ज्याच्यासाठी सगळा उत्तररंग उभा असतो: "तो गावाबाहेर जन्मला म्हणून मला आपला वाटला, कारण मीही गावकुसाबाहेरचा, महारवाड्यातला." आमच्याकडे या वाक्याला म्हातारे रडतात.

वेंकोबरावांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं आहे. सांगतों."

त्याच संध्याकाळी जेवताना देवसहायमांनी विचारलं, "तुमचं मूळ ऊर कुठलं, मास्तर?" मास्तर घास गिळत होते. मला नव्या शब्दाची ऐट आलेली. मीच मराठीत सांगून टाकलं, मास्तरांनी घास उतरल्यावर इंग्रजीत केलं. गावाचं नाव सांगितलं. "गावात कुठे?" म्हणाले. मी म्हटलं, "गावात नाही, बाहेर. महारवाड्यात. मास्तरांच्या आजोबांचा बाप्तिस्मा तिथल्याच विहिरीवर झाला." कौतुकाने सांगितलं. आमच्याकडे ते कौतुकानेच सांगतात.

देवसहायम म्हणाले, "फार छान." बाईंनी मला आणखी भात वाढला नाही.

सकाळी कळलं की माडीवर मुलांचा गोंगाट असतो, मास्तरांना रियाजाला शांतता हवी, म्हणून देवळामागच्या खोलीत आमची सोय केली आहे. मुलं म्हणजे एक मुलगी, आणि ती दिवसभर कॉलेजात. मास्तर म्हणाले, "असू दे गं. शांतता बरीच आहे इथे." होती ना. झाडू, फुटकी बाकं आणि आम्ही दोघं.

श्रीपेरुंबुदूर

देवळामागच्या त्या खोलीत आमच्यासाठी स्वयंपाक करायला ज्ञानम्मा आली. देवळाची झाडलोट तिच्याकडेच. माझ्या वयाची, काळीसावळी, सडपातळ, बोलायला फटकळ. तिचं मला कळत नव्हतं आणि माझं तिला, पण फटकळपणा दोघींना कळत होता. तिने माझ्या पोळ्यांना हसावं, मी तिच्या ताकासारख्या रसमला नाक मुरडावं. तिच्याकडून मी मीठ, पाणी, पुरे, नाही असे शब्द शिकले. नाही म्हणजे इल्लै. तो मला लगेच पाठ झाला.

एक दिवस तिच्या माहेरी, श्रीपेरुंबुदूरला, प्रार्थनेला जायचं ठरलं. बसने गेलो. वेंकोबराव रजा काढून बरोबर आले. हिंदूंचं मोठं देऊळ, कौलारू घरांची ओळ, तळं. मला वाटलं, आलं गाव. पण ज्ञानम्मा थांबेना. तळ्याला वळसा, मग शेताचा बांध. पावसाने बांध निसरडा, मास्तर बाजाच्या पेटीसकट भाताच्या चिखलात बसले. पेटी वाचली, धोतर गेलं. पलीकडे ताडाच्या पानांच्या झोपड्या आणि त्यांच्यात एक मातीचं प्रार्थनाघर.

ज्ञानम्माने मागे कौलांकडे बोट दाखवलं. "ऊर." मग आपल्या पायाखाली बोट दाखवलं. "चेरी."

वेंकोबराव समजावून सांगायला पुढे सरले. मी म्हटलं, राहू द्या. महारवाडा मला कुणी समजवायची गरज नाही. शब्द तेवढा नवीन होता.

तिथे जेवलो. मासळीचं कालवण आणि भात, नंतर अदिरसम, म्हणजे आपले अनारसेच, खसखस नसलेले. ज्ञानम्माच्या बापाने आम्हाला वाढलं. म्हातारा ताठ, एका डोळ्याने अधू. मास्तरांची पेटी त्याने दहादा उघडून पाहिली. कीर्तन आज का नाही म्हणून रुसला. मास्तर म्हणाले, नाताळला शहरात आहे, सगळे या. म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं, मुलीने दुसरीकडे. मग तो म्हणाला, येतो.

दोन खुर्च्या

नाताळच्या आधीच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ते देऊळ सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. उंच छत, समुद्राचा वारा, ऑर्गनचा घुमारा. पुढे बाकं. बाकं संपल्यावर एक मोकळी जागा, आणि मागे चटया. बाकांवर काही घराणी, चटयांवर ज्ञानम्मा आणि तिची माणसं. मी चटईकडे निघाले तर देवसहायमांनी हसतमुखाने अडवलं आणि एका खांबाशी नेलं. तिथे, बाकांच्या मागे आणि चटयांच्या पुढे, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुण्यांसाठी.

विचार करा. आम्हाला बाकावर बसवता येईना आणि बोलावलेल्या मिशनऱ्याला चटईवर बसवायची लाज वाटली, म्हणून त्यांनी लाकडी खुर्च्यांची एक तिसरी जात काढली.

प्याला आधी बाकांवरच्यांना. सगळे पिऊन, तोंड पुसून, जागेवर बसल्यावर आम्हाला. मग चटयांना, आणि त्यांच्यासाठी प्याला दुसरा. पहिला चांदीचा, कापडात गुंडाळून ठेवला. दुसरा साधा. द्राक्षरस एकाच बाटलीतला. मांबलमच्या हिंदूघरी मी त्यांच्या पेल्यातून प्यायले, आणि माझ्या तारणाऱ्याच्या मेजावर पेले दोन! आमच्या गावच्या देवळात पत्रे गळतात, पेटीचे दोन सूर मेलेले आहेत, पण प्याला एक आहे आणि तो पाटलापासून पोतराजापर्यंत ज्याच्या हातात आधी येईल तो आधी पितो.

मी मास्तरांना म्हटलं, "उठा. आजच्या गाडीने परत जायचं."

"आणि कीर्तन?"

"कुणापुढे करता कीर्तन? यांच्यापुढे?"

"यांच्यापुढेच करायला हवं ना," मास्तर म्हणाले. त्यांचं हे असं शांतपणे खरं बोलणं मला कधीच सहन झालेलं नाही.

दोन दिवसांनी देवसहायम खोलीवर आले. खुर्ची पुसून बसले. वेंकोबरावांकडून ऐकलेलं आख्यान त्यांना फार आवडलं होतं. फक्त शेवटी ते एक वाक्य आहे ना, स्वतःविषयीचं, ते नको. सणाचा दिवस, मोठी माणसं कुटुंबासकट येणार, पाहुण्यांना आपली गरिबी सांगायला लावली असं दिसेल.

"गरिबी नाही हो ती," मास्तर म्हणाले. "पत्ता आहे."

"प्रभूमध्ये आपण सगळे एक आहोत. मग हे जुनं कशाला?"

मी म्हटलं, "एक आहोत तर प्याले दोन का?" मराठीत म्हटलं. मास्तरांनी भाषांतर केलं नाही, पण माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं. ते उठले. जाताना म्हणाले, "ठीक आहे, मास्तर. तुम्ही तुमचं म्हणा."

एवढ्या सहज कबूल झाले म्हणून मास्तर खूश. मला ते तेव्हाच खटकलं.

नाताळ

संध्याकाळी देऊळ भरलं. रेशमी साड्या, मोगऱ्याचे गजरे, बाकांवर जागा नाही. मागे चटयाही भरल्या. श्रीपेरुंबुदूरची माणसं आली होती, म्हातारा सगळ्यांत पुढे, खांबाला पाठ लावून. मास्तर फेटा बांधून उभे राहिले आणि मी झांजा घेतल्या. वेंकोबराव मास्तरांच्या उजव्या हाताला, परीटघडीचा कोट घालून. तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं, माणूस पहिल्यांदाच चर्चमध्ये उभा आहे, भ्यायला असेल.

पण सुरू झालं आणि काय रंगलं! मास्तरांनी एक वाक्य म्हणावं, वेंकोबरावांनी ते तमिळमध्ये उचलावं, त्याच लयीत, त्याच झोकात. घराण्याचं पाणी लपत नाही. उतारशाळेचा मालक दार लावतो तिथे बाकांवरच्या बायकांनी हळहळून च्च च्च केलं. मरियेला कळा आल्या, दार उघडेना. मास्तरांनी चिपळ्या थांबवल्या. आणि ते म्हणाले ते वाक्य. गावकुसाबाहेरचा, महारवाड्यातला.

वेंकोबरावांनी घसा साफ केला. समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे देवसहायम बसले होते, त्यांचे साहेब. मग खाली बघत ते म्हणाले, "इवर ऊर अहमदनगर पक्कम."

बाकांवरच्यांनी माना डोलावल्या. नगरकडचं गाव. छान.

मास्तरांना तमिळ येत नाही. ते पुढच्या पदाला लागणार होते. पण ऊर मला येत होतं. मांबलमला शिकले होते आणि श्रीपेरुंबुदूरला त्याचा दुसरा अर्धा भाग शिकले होते. माझ्या नवऱ्याचा जन्म, त्याच्या आजोबांची विहीर, त्याच्या अख्ख्या कीर्तनाचा कणा त्यांनी पुसून टाकला आणि वर एका कौलारू गावात नेऊन बसवला, का, तर यांच्या रेशमाला डाग लागू नये! मी झांजा खाली आपटल्या. असल्या नसल्या तमिळमध्ये ओरडले, "ऊर इल्लै! चेरी! चेरी!"

छतावरून तो शब्द परत आला. दुसऱ्यांदाही तितकाच चांगला ऐकू आला.

कुणी मला गप्प बसवलं नाही. तेवढे ते सभ्य होते. देवसहायम उठले, ऑर्गनवर बसलेल्याला त्यांनी खूण केली आणि नाताळचं शेवटचं गाणं सुरू झालं. पाळकांनी घाईघाईने आशीर्वाद दिला. बाकं उठली. एकेक कुटुंब माझ्यासमोरून गेलं, हसत गेलं, "हॅपी ख्रिसमस, व्हेरी नाइस सिंगिंग" म्हणत गेलं, आणि माझ्या पुढे केलेल्या हाताकडे कुणी बघितलं नाही. आख्यान अर्धं होतं. मरिया दाराबाहेर उभी होती, बाळ जन्मलेलं नव्हतं, आणि हे लोक केक खायला घरी निघाले होते. आजही ते आठवलं की हातातलं भांडं मी आपटते.

चटया मात्र उठल्या नाहीत. मधली सगळी बाकं रिकामी, तरी पुढे कुणी आलं नाही. ज्ञानम्मा माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. रागावली होती की काय, मला अजून कळलेलं नाही. उद्या देऊळ तिला झाडायचं होतं, मला गाडी पकडायची होती.

तेव्हा मास्तर निघाले. पेटी उचलली, दोन्ही बाजूंच्या रिकाम्या बाकांमधून चालत मागे गेले, त्या खुर्च्यांच्या बाजूने पुढे जाऊन चटईवर बसले आणि म्हणाले, "वेंकोबराव, या इकडे. एक वाक्य राहिलं. तेवढं परत घेऊ."

देवसहायम दारात उभे होते. वेंकोबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात ती मायाळू बाई होती, नोकरी होती, आणि साहेब दारात होते. मी तेव्हा त्यांच्यावरही चिडलेली होते, पण एवढं दिसत होतं. मग त्यांनी कोट काढून हातावर घेतला, मागे आले, चटईच्या कडेला टेकले.

मास्तरांनी वाक्य म्हटलं. वेंकोबरावांनी ते तमिळमध्ये म्हटलं. आवाज चिरका झाला होता, पण चेरी स्पष्ट ऐकू आलं.

ज्ञानम्माच्या म्हाताऱ्याने हात झटकला आणि तो त्रासल्यासारखा काहीतरी बोलला. मी वेंकोबरावांना विचारलं, काय म्हणतात?

"ते ह्मणतांत," वेंकोबराव म्हणाले, "तें ह्या झांजवाल्या अम्मानं मघांच सांगितलं. पुढें सांगा. मूल जन्मलं कीं नाहीं?"